दोन माणसांचा आरा

बेबीबाई चुलीपुढे बसून अंबाडी निवडत होती आणि तेजराम चहा पिता पिता तिच्या बोटांकडे पाहत होता. देठ अंगठ्याखाली, एक झटका, पान टोपलीत, देठ बाजूला. पुन्हा देठ, पुन्हा झटका. तिचं भाजीकडे लक्षही नव्हतं. खांब तलावाच्या पायरीवर काल कुणा बाईचा पाय कसा घसरला ते ती सांगत होती, हसत होती, मान वळवून दाराकडे पाहत होती, आणि बोटं आपली चालूच होती. मनगट जागच्या जागी, सगळं काम बोटांचं. छाटणीला चालेल, तेजरामच्या मनात आलं. आठ दिवसांत तयार होईल. चरबी काढायला अशीच बोटं लागतात. आणि पाठीवर कुणी ओला हात ठेवावा तसा तो दचकला. ही बेबी होती. चौदा वर्षांपूर्वी वरठीहून लग्न करून आणलेली त्याची बायको. तिला त्यानं चुलीपुढून उचलून हुकांच्या रांगेखाली, ओल्या फरशीवर, रबरी एप्रन घालून उभीसुद्धा केली होती, आणि एवढं करायला त्याला चहाच्या एका घोटाइतकाही वेळ लागला नव्हता.

“काय झालं? साखर कमी पडली काय?” बेबीबाईनं विचारलं.

“नाई. ठीक आहे.”

“मंग असे काहून पाहून राह्यले?”

पेला त्यानं डाव्या हातानं खाली ठेवला. हल्ली सगळंच तो डाव्या हातानं करत असे आणि बेबीबाईला वाटे, वय झालं की माणसाला एकेक खोड लागते. माणसांचे हात असे जोखणं मात्र महिनाभरच चाललं होतं. घासलेटच्या रांगेत उभा असला की त्याची नजर पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर जायचीच नाही, मनगटावर जायची. पितळेचे गुंड, पाण्याचे हंडे, ठोकणारे कारागीर दिसले की तो सायकलवरून पाय टेकवून उभा राही, हातोडी कशी उठते, कशी पडते ते पाही, आणि मनाशी म्हणे, हा खाटकाच्या सुरीवर बसेल, हा नाही बसणार. एस.टी.त बांगड्या भरलेला हात दांडीला धरलेला दिसला तरी तेच. पण ते सगळे लोक परके होते. आज ही नजर घरात शिरली होती, आणि तिला घराबाहेर काढावं कसं ते त्याला कळत नव्हतं.

एक्क्याऐंशी सालचा आषाढ होता. भंडाऱ्याबाहेर नागपूरच्या रस्त्याला लागून पत्र्याच्या छपराचा एक लांबट कारखाना होता. त्यात बकऱ्याचं मांस सोडवून, छाटून, मेणकागदात बांधून, गोठवून रोज चार वाजताच्या गाडीनं नागपूरला जाई. तेजराम तिथं हजेरी मुकादम होता. माणसं आणायची, उभी करायची, टिकवायची, एवढंच त्याचं काम. चाळीस माणसांचा तो हॉल. चैत्रात छत्तीस होती, ज्येष्ठात अठ्ठावीस, आणि आता धानाचा रोवणा, भाताची लावणी, सुरू झाल्यावर कधी वीस, कधी अठरा. रोवण्याच्या दिवसांत झाडीपट्टीतली बाई बांधीत, धानाच्या खाचरात, उतरणारच, तिला कोण अडवणार. पण बाया गेल्या तरी काम निभतं; हॉल खरा बसला तो कापणारे गेले म्हणून. आधी बाबुलाल गेला. बाबुलाल खाटीक, सगळे त्याला उस्ताद म्हणत. मुंबईच्या मोठ्या कत्तलखान्यातून त्याच्या मेव्हण्याचं पत्र आलं, आणि अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सुऱ्या गोणपाटात गुंडाळून तो उभा राहिला. “तेथं हाताले मान आहे, तेजराम,” तो म्हणाला. “येथं काय आहे? आपण कोण्या कामावर जातो ते आपल्या पाव्हण्यालेबी सांगता येत नाही.” त्याच्या मागोमाग तिघं गेले. एकानं तर थेट कुवेतचं तिकीट काढलं म्हणे. उरले ते नवशिके.

सांगता येत नाही, हे खरंच होतं. करडीला, तेजरामच्या गावाला, सगळ्यांना माहीत होतं की तेजराम बरफकंपनीत आहे. कारखान्याला स्वतःचं बर्फाचं यंत्र होतं, तेव्हा ते खोटंही नव्हतं. गेल्या माघात माणसं कमी पडू लागली तेव्हा तो गावी गेला आणि ओट्यावर बसून बायांना म्हणाला, बरफकंपनीत पॅकिंगचं काम आहे, सावलीतलं. पाच जणी आल्या. त्यांच्यात त्याची वहिनी होती, धुरपता. थोरला भाऊ सेवकराम तापानं गेल्याला तीन वर्षं झाली होती. मुलगी मोहाडीला दिलेली. घरात ती एकटी. पहिल्या दिवशी हॉलचं दार उघडलं आणि हुकांवर सोललेली बकरी रांगेनं लटकलेली दिसली, तेव्हा त्या पाची जणी दाराशीच थांबल्या. दोघी तिथूनच परतल्या. धुरपता बाहेर जाऊन भडभडा ओकली, नळावर तोंड धुतलं आणि आत आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, नुसतं पाहिलं. “सांगतलं असतं तरी आलो असतो, भाऊजी,” ती एवढंच म्हणाली. नंतर उरलेल्या दोघीही गेल्या. करडीच्या एस.टी.त कुणालातरी धुरपताच्या लुगड्याचा वास आला, आणि गोष्ट गावभर झाली. या वर्षी रोवण्याच्या पातीत, बायांच्या रांगेत, तिला कुणी बोलावलं नाही. बाकीच्या बाया रोवण्याला गेल्या म्हणून कारखान्यात नव्हत्या. धुरपता मात्र रोज होती, कारण रोवण्यात तिला कुणी घेत नव्हतं. हे तेजरामला ठाऊक होतं. तिच्या नावापुढे रोज हजेरीची खूण करताना त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटे.

त्या दिवशी सोळा माणसं आली. तो फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे पाहत राहिला. सायकलवरचे दोघं दिसले, जवळ आले, पुढे निघून गेले. आठचा भोंगा झाला. आऱ्यावरचा चिंधू आला नव्हता. आरा म्हणजे हाडं कापायचं उभ्या पात्याचं यंत्र. सुरीचं काम चुकलं तर पुन्हा करता येतं, आऱ्याचं चुकलं तर नाही. बाबुलालचा नियम होता, आऱ्यावर दोघं. एकानं तुकडा पात्याकडे सरकवायचा, दुसऱ्यानं खांबावरच्या विजेच्या खटक्याजवळ उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही. पात्यावरची जाळी तर बाबुलाल असतानाच काढली होती, तिच्यामुळे काम हळू होई. पण दुसरा माणूस त्यानं कधी काढू दिला नाही. एकदा खटक्याजवळचा गडी तंबाखू मळायला वळला तेव्हा बाबुलालनं चालतं पातं बंद केलं होतं आणि दिवसभर आऱ्याला हात लावला नव्हता.

मालक भय्याजी साडेआठला आले. ते कधी मोठ्यानं बोलत नसत. पांढरा सदरा, खिशात अत्तराचा फाया, आणि आवाज असा की समोरचा थोडा पुढे वाकूनच ऐके.

“किती आले?”

“सोळा.”

“आऱ्यावर कोण?”

“चिंधू नाही आला. त्याच्या बांधीत रोवणा आहे आज.”

“रोवणा दरसाल असते, तेजराम. गाडीबी दररोज असते.” भय्याजींनी हॉलकडे एक नजर टाकली. “तूच उभा राह्य. बाबुलालनं शिकवला होता ना तुले.”

शिकवला होता. तेजरामचा उजवा हात त्याच्या खिशात होता आणि खिशात तो आहे हे त्याला फक्त आठवत होतं, जाणवत नव्हतं. मुकादम व्हायच्या आधी चार वर्षं तो गोठणखोलीत खोकी रचत होता. आधी करंगळी पांढरी पडायची आणि बाहेर आल्यावर झिणझिण्या येऊन परत यायची. मग एकदा ती परत आली नाही. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. आता त्या तीन बोटांत काही नव्हतं, आणि थंडीत तर अख्खा पंजाच कोरड्या लाकडासारखा होई. गेल्या पौषात बेबी बाहेर गेली असताना त्यानं तवा उतरवला, आणि काहीतरी जळतंय असा वास आला तेव्हा त्यानं चुलीत वाकून पाहिलं होतं. जळत होतं त्याचं बोट. बेबीला त्यानं सांगितलं, कारखान्यात वाफ लागली. कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर काय होतं ते त्यानं मनिरामच्या वेळी पाहिलं होतं. गोठणखोलीतल्या मनिरामच्या पायाची बोटं गेली, तेव्हा भय्याजींनी सगळ्यांना गोळा करून त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला, दोन शब्द चांगले बोलले, आणि त्याच दुपारी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. शाल खांद्यावर टाकून मनिराम फाटकातून लंगडत जाताना तेजरामनंच फाटक उघडलं होतं.

आऱ्यावर तुकडा सरकवताना दोन्ही हात लागतात. पात्यापासून आपलं बोट किती दूर आहे हे बोटाला कळावं लागतं.

“मी उभा राह्यलो तं हॉल कोण पाहीन, भय्याजी?” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अगदी नेहमीसारखा ऐकू आला. “वयनी राहीन उभी. महिनाभर चिंधूच्या बाजूनं होती ती. हात बसला आहे तिचा.”

“एकटी?”

“दुपारपर्यंत. तोवर कोणी मिळालं तं देतो जोडीले.”

भय्याजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “तू म्हणतो तं ठीक आहे. तुहीच माणसं आहेत,” ते म्हणाले आणि ऑफिसात गेले.

धुरपताला सांगायला तो गेला तेव्हा ती एप्रनची नाडी बांधत होती. लुगड्याचा काष्टा, वरून रबरी एप्रन, हातात सुती मोजे. पन्नाशीकडे झुकलेली, सडपातळ, कपाळ मोकळं.

“मी एकटीच?” ती म्हणाली.

“दुपारपर्यंत, वयनी.”

“आन खटक्यापाशी?”

“मी आहो ना. माह्यं ध्यान राहीन.”

“मंग ठीक आहे, भाऊजी,” धुरपता म्हणाली, आणि त्या ‘मंग ठीक आहे’चं ओझं सकाळभर त्याच्या मानेवर बसून राहिलं.

आरा सुरू झाला. मोकळं पातं फिरतं तेव्हा त्याचा आवाज बारीक असतो, कानाच्या मागे कुणी सतत काही सांगत असल्यासारखा. पातं हाडात शिरलं की आवाज जाड होतो, दबतो, आणि पलीकडे निघालं की पुन्हा बारीक. तेजराम हॉलभर फिरत होता. वच्छलाच्या पाटीवर चरबी जास्त राहत होती, ते त्यानं दाखवलं. कुंताबाईची सुरी बोथट झाली होती, ती बदलून दिली. एका नवशिक्यानं मांडी उलटी कापली, त्याच्या हातून ती घेतली. पण ऐकत होता तो फक्त आरा. बारीक, जाड, बारीक. जाड आवाज जरा लांबला की त्याचा श्वास छातीत अडके, आणि पातं पलीकडे निघालं की सुटे. असे किती श्वास अडकले आणि सुटले. मध्येच त्याला सेवकराम आठवला. रोवण्याच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या खांद्यावरून बांधीत फेकणारा, गुडघाभर चिखलात उभा राहून हसणारा. सेवकराम असता तर धुरपता आज पातीत वाकलेली असती, आणि एखादी म्हातारी तिच्यामागे रोवण्याचं गाणं म्हणत असती. सेवकराम असता तर आपण तिला इथं आणलंच नसतं. पण मग आऱ्यावर कोण उभं राहिलं असतं? हा प्रश्न मनात इतक्या सहज आला की भावाचा चेहरा पुसला गेला आणि त्या जागी एक रिकामी जागा दिसू लागली, भरायची.

जाऊन मशीन बंद करावं, असं त्याला तीनदा वाटलं. एकदा तो खांबापर्यंत गेलासुद्धा. धुरपतानं मान न वळवताच त्याला ओळखलं. “होऊन राह्यलं बराबर,” ती म्हणाली. तिचे हात खरंच छान चालले होते. त्याला हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. दहा वाजले की बंद करू, त्यानं ठरवलं. मग अकरा. मग जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी देऊच.

साडेअकराच्या सुमारास गोठणखोलीतून हाक आली. गाडीची खोकी तपासायला आत माणूस नव्हता. दोघांचं काम एक जण करत होता आणि तोही थंडीनं बाहेर येऊन बसला होता. तेजरामला जावं लागलं. जाताना त्यानं आऱ्याकडे पाहिलं. बारीक, जाड. गोठणखोलीचं दार वीतभर जाड, आतून पत्रा ठोकलेलं. ते मागे लागलं आणि आरा एकदम नाहीसा झाला. आत नुसता यंत्राचा घरघराट आणि पिवळा दिवा. तो खोकी सारू लागला. ऐकू येत नाही ही गोष्ट त्याला इतकी असह्य झाली की एकच खोकं त्यानं दोनदा मोजलं. उजवा हात आधी जड झाला, मग हलका, मग नव्हताच. आणि दिवा गेला.

लाइन जाणं नवं नव्हतं. दिवसातून दोनदा जाई, कधी तासभर, कधी डोळा मिटून उघडेपर्यंत. घरघराट खाली खाली जात थांबला. अंधारात तो दाराकडे गेला, खांद्यानं दार लोटलं. हॉललाही खिडक्या नव्हत्या, छपराजवळच्या दोन झरोक्यांतून राखेसारखा उजेड येत होता. सगळे हात थांबले होते. आणि त्या शांततेत धुरपताचा आवाज आला, ओरडल्यासारखा नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसा.

“भाऊजी. हात अडकला माहा.”

तिनं काय केलं असेल ते त्याला न बघताच दिसलं. पातं हाडाच्या मध्यावर थांबलं, तुकडा फसला, तो सोडवायला तिनं हात घातला, आणि मोज्याचं सूत पात्याच्या दातांत गेलं. हाड दोन्हीकडून पात्यावर दाबून बसलं होतं आणि मोजा त्यांच्यामध्ये. लाइन नाही म्हणून पातं उभं होतं. खटका मात्र चालूच होता. लाइन आली की पातं फिरणार. लाइन केव्हा येणार ते कुणाच्या हातात नव्हतं.

“वढू नका!” तो ओरडला. “हलू नका, वयनी!” आणि धावला. वीस पावलं असतील. फरशीवर पाणी, पाण्यावर चरबीचा तवंग. चौथ्या पावलाला तो आडवा झाला, गुडघा फरशीवर आपटला, उठला, एक पाटी पालथी केली. वच्छला “आई वं, आई वं” असं एकसारखं म्हणत होती. तो खांबाशी पोचला. खटका खांबाच्या मागच्या कोनाड्यात होता, तिथं झरोक्याचा उजेडही पोचत नव्हता. पाय पुन्हा सुटत होता म्हणून त्यानं डाव्या हातानं खांबाला मिठी घातली आणि उजवा हात कोनाड्यात घातला.

आणि त्याला काहीच लागलं नाही. लोखंडाचा दांडा तिथं असायला हवा होता. तो हाताखाली होता की नाही? बोटं वळली होती की सरळच होती? हात त्याच्या खांद्याला जोडलेला होता एवढंच त्याला कळत होतं. त्याच्यापुढे कोनाड्याचा अंधार सुरू होत होता. त्यानं खाली ओढलं. काहीतरी खाली आलं. दांडा आला की नुसता हातच घसरला? त्यानं पुन्हा हात वर नेला, पुन्हा ओढलं. वर नेताना आपण दांडा पुन्हा चालू तर नाही केला? आता हात न हलवता त्यानं अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकला, गुडघे सोडले, आणि वाळत घातलेल्या कातड्यासारखा त्या कोनाड्याला लोंबकळला. त्याच्या कानाशी स्वतःच्या रक्ताचा आवाज होता. लाइन यावी असं त्याला वाटलं, म्हणजे एकदाचं कळेल. येऊ नये असंही वाटलं, कधीच येऊ नये. त्यानं धुरपताकडे पाहिलं. अर्धवट उजेडात ती पात्याशी वाकलेली होती, गाल जवळजवळ हाडाला टेकलेला, आणि ती त्याच्याकडेच पाहत होती, शांतपणे, आपल्या माणसानं हात धरला आहे अशा खात्रीनं.

दिवे आले. सगळे एकदम. बर्फाचं यंत्र कण्हत उठलं, गोठणखोलीत घरघराट सुरू झाला, पंखे फिरले. पातं हललं नाही.

वच्छला सुरी घेऊन धावली, तिनं मोजा कापला आणि धुरपताचा हात बाहेर काढला. करंगळीखाली सुईनं ओढल्यासारखी लाल रेघ, बाकी काही नाही. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या, रडू लागल्या. तेजराम अजून खांबाला लटकलेलाच होता. कुणीतरी म्हणालं, “रक्त! मुकादमाले लागलं!” तेव्हा त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. दांडा खालीच होता. त्याच्या कडेचा फुटका पत्रा तळव्यात आडवा शिरला होता आणि मनगटावरून कोपरापर्यंत रक्त ओघळत होतं. त्याला ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

बायांनी त्याला धरून बाहेर पडवीत आणलं, पालथ्या खोक्यावर बसवलं. कुंताबाई वयानं मोठी, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. “देवासारखे धावले,” ती म्हणाली. वच्छला प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत होती, “एवढे पडले, तरी उठले! ते नसते तं बाईचा हात गेला होता आज!” पुरुषही आले. एकानं बिडी पेटवून त्याच्या ओठांत ठेवली. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्यांना ते भलेपण वाटत होतं. प्रत्येक चांगला शब्द त्याच्या अंगावर ओल्या बर्फासारखा येऊन पडत होता. भय्याजी मला म्हणाले होते. मी म्हणालो, वयनी. ही दोन वाक्यं त्याच्या जिभेवर होती आणि ती उच्चारल्याशिवायही जग नीट चाललेलं होतं, उलट जास्तच नीट.

धुरपता त्याच्यासमोर जमिनीवर बसली. आपल्या लुगड्याची पट्टी फाडून ती त्याचा तळवा बांधू लागली.

“दुखते काय?”

“नाई.”

तिनं जखमेवर अंगठा दाबला. त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही. तिनं आणखी दाबला, आणि वर पाहिलं. मग मधलं, अनामिका, करंगळी, अशी त्याची तिन्ही बोटं एकेक करून चिमटली.

“कवापासून?” तिनं हळूच विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“बेबीले मालूम आहे?”

त्यानं मान हलवली, नाही.

भय्याजी दारात उभे होते. ते केव्हा आले ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पाहिला, ऐकलंही असावं. बायांनी एप्रन काढून पडवीच्या दांडीवर टाकायला सुरुवात केली होती. “आमी चाललो,” वच्छला त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “रोवण्यात चिखल लागते, पण घरी येतानी हात संग येते.” चौथा एप्रन दांडीवर पडला, पाचवा पडला. भय्याजी जरा विचार करून पडवीत उतरले आणि त्याच मऊ आवाजात बोलले.

“धुरपताबाई, उद्यापासून हजेरी तुमी पाहा. मुकादमाची जागा तुमची. बाया तुमचं ऐकतेत. तेजरामले आता आराम लागीन.”

ते त्याच्यासमोरच म्हणाले, त्यात काही चोरून नव्हतं. तेजरामला मनिरामची शाल आठवली नाही, भीतीही वाटली नाही. दोन वर्षं जी गोष्ट घडू नये म्हणून तो खिशात हात घालून जगला ती एका वाक्यात घडून गेली होती, आणि तिला काही वजनच नव्हतं. वजन दुसऱ्याच गोष्टीला होतं.

धुरपतानं मान हलवली. “भाऊजीची जागा?” ती म्हणाली. “ज्यानं आज माहा हात वाचवला, त्याच्याच पोटावर पाय देऊ मी? नाही, भय्याजी. मीबी आज करडीले चालली.”

करडीला काय आहे? तेजरामच्या डोळ्यांपुढे ती तिच्या दारात बसलेली दिसली. समोरच्या बांधीत वाकलेल्या बायांची पात, आणि ही ओट्यावर, हात मांडीवर ठेवून. कुणी हाक न मारलेली. आणि ते सगळं त्याच्या खोट्या उपकारापायी. तो गप्प राहिला तर ती जन्मभर त्याला हात वाचवणारा भाऊजी म्हणणार होती. मुलीला सांगणार होती, नातवंडांना सांगणार होती. गप्प राहणं किती सोपं होतं! नुसतं बसून राहायचं, हात बांधून घ्यायचा.

“वयनी,” तो म्हणाला. त्यानं बिडी टाकली. “आऱ्यावर तुमाले मी पाठवलं.”

“मंग? कोणाले तं पाठवाच लागत होतं.”

“भय्याजी मलेच म्हणत होते उभं राह्यले. तुमचं नाव मी सांगतलं.” आता थांबता येत नव्हतं. “हा हात उघडा पडंल म्हणून भेव वाटलं मले. दोघं लागते हे मालूम होतं. खटक्यापाशी राहीन म्हटलं, आन राह्यलो नाही. मले समदं मालूम होतं, वयनी.”

कुंताबाईनं तोंडावर पदर घेतला. धुरपताच्या हातात पट्टीची दोन टोकं होती. ती तशीच धरून ती बसली होती आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. पात्याजवळून ज्या डोळ्यांनी तिनं पाहिलं होतं तेच डोळे होते, पण त्यातलं काहीतरी मागे मागे जात होतं, आणि ते जाताना त्याला दिसत होतं. मग तिनं खाली पाहिलं आणि गाठ मारली. नीट, घट्ट, दोनदा. काम अर्धवट टाकायची तिची सवयच नव्हती.

ती उठली, लुगडं झटकलं आणि भय्याजींकडे वळली.

“आऱ्यावर दोघं,” ती म्हणाली. “एक नसंल तं आरा बंद. गाडी उभी राहो का रिकामी जावो.”

“हौ,” भय्याजी म्हणाले.

“जाळी लावा त्याच्यावर. आजच.”

“लावतो.”

“आन गावात मी बरफकंपनी सांगणार नाही. जे आहे ते सांगून आणीन. येतीन त्या येतीन.”

“हौ,” भय्याजी म्हणाले. धुरपतानं दांडीवरचा स्वतःचा एप्रन उचलला. सगळ्या काही थांबल्या नाहीत. पाच जणी त्याच पावली रस्त्याला लागल्या. वच्छला जाऊ की नको करत जोत्याच्या कडेवर उभी राहिली. त्या दिवशी गाडी अर्धीही भरली नाही.

तेजराम उठला. दुपारच्या वेळी या पडवीतून बाहेर पडायची त्याला सवय नव्हती. ऊन डोळ्यांना लागलं. खिशातली शिट्टी आणि किल्ल्या काढून त्यानं खोक्यावर ठेवल्या. डाव्या हातानं, आता लपवायचं काही नसूनही. सायकलपर्यंत गेला तेव्हा मागून धुरपताचा आवाज आला.

“डबा राह्यला तुमचा.”

ती डबा घेऊन आली, सायकलच्या दांड्याला अडकवला, हलवून पाहिला.

“आज डाक्टरले दाखवा,” ती म्हणाली. “आन बेबीले सांगा.”

“हौ,” तो म्हणाला.

शेवटी ती ‘भाऊजी’ म्हणेल म्हणून तो सायकल धरून तसाच उभा राहिला. त्याला निरोप देताना तो शब्द ती इतक्या वर्षांत कधी चुकली नव्हती. धुरपतानं मान वळवली आणि वच्छलाला हाक मारली.